सात नंबरची सरळ रेघ

“मॅडम, सात नंबरचा ग्राफ काढा. मंगळवारचा. सकाळी दहा ते दुपारी साडेबारा,” संपतराव म्हणाले.

मी प्रिंट दिली. कागद प्रिंटरमधून अर्धा बाहेर आला तेव्हाच मला ती रेघ दिसली आणि काहीतरी चुकलंय हे कळलं. पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. बावीस वर्षं क्लायंटसमोर बसून ही एक कला मला चांगली जमते.

ऑफिसात आम्ही तिघंच होतो. संपतराव हॅचरीचे मालक. हॅचरी म्हणजे कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लं काढायचा कारखाना. ही हॅचरी लोणी देवकरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत आहे, आणि तिथली एक दिवसाची पिल्लं इंदापूर-बारामतीच्या पोल्ट्रीवाल्यांकडे जातात. दुसरे मारुती तात्या. साठीला टेकलेले. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. तात्या मात्र संपतरावांच्या वडिलांनी पहिलं मशीन आणलं त्या दिवसापासून इथं. मशीनची खोली त्यांच्या ताब्यात. त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण ते उभेच राहिले. तिसरी मी. बारामतीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आसपासच्या कारखान्यांना लागेल तसं सॉफ्टवेअर मी करून देते. हॅचरीतल्या मशीनचं तापमान कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर दाखवणारं सॉफ्टवेअर माझं.

भांडण साधं होतं. मंगळवारी दुपारी तात्यांनी सात नंबरच्या मशीनचं दार उघडून आतल्या ट्रॉल्या बाहेर ओढल्या. आत सतरा दिवसांची अंडी होती. चालू मशीनचं दार असं उघडं टाकायचं नसतं, आतली ऊब जाते. शनिवारी, एकविसाव्या दिवशी, त्या अंड्यांतून पिल्लं निघाली ती जेमतेम निम्मी, आणि त्यातलीही बरीच पायात लुळी. तात्या म्हणत होते, मशीन आधीच तापलं होतं म्हणून दार उघडलं. संपतराव म्हणत होते, मशीन ठीक होतं, दार उघडलं म्हणूनच अंडी गेली. खरं काय ते माझा ग्राफ सांगणार होता.

“हे बघा तात्या,” संपतरावांनी कागदावर बोट ठेवलं. “नव्याण्णव पॉइंट सहा. सव्वाअकराला तेवढंच, बाराला तेवढंच, साडेबाराला तेवढंच. रेघ जरा तरी हलली का? कुठं तापलंय?”

“संपतराव, मी अंडं पापणीला लावलं. भाजलं,” तात्या म्हणाले. “चार ट्रेमधली काढून लावली. समदी तशीच.”

हे पापणीचं सांगायला हवं. जुन्या हॅचरीवाल्यांची ही रीत आहे. ट्रेमधून अंडं काढायचं आणि मिटलेल्या डोळ्यावर धरायचं. पापणीची कातडी पातळ असते, तिला एखाद्या डिग्रीचाही फरक कळतो. अंडं बरोबर, म्हणजे साडेनव्याण्णव फॅरनहाइटच्या आसपास, असेल तर नुसतं कोमट लागतं. तात्या तर अंडं धरून सांगायचे, हे वरच्या ट्रेतलं, हे खालच्या. मी सुरुवातीला त्याची गंमत करायचे. एकदा आम्ही थर्मामीटर लावून ताडून पाहिलं, तेव्हापासून गंमत करायचं सोडलं.

“मी इंदापुरात बसून मोबाईलवर बघत होतो, तात्या,” संपतराव म्हणाले. “तुमचा फोन आला तेव्हा पान उघडलं. वर घड्याळ चालू, खाली नव्याण्णव पॉइंट सहा. मी तुम्हाला सांगितलं, दार उघडू नका. तुमी उघडलं.”

तात्या माझ्याकडं वळले. “ताई, तुमी सांगा. त्यो आकडा चुकीचा आसंल का?”

मी माझ्या लॅपटॉपवर पूर्ण दिवसाचा ग्राफ उघडून बसले होते. तो फक्त मला दिसत होता. सव्वाअकरापर्यंत रेघ थरथरत होती, पॉइंट पाच, पॉइंट सात, पॉइंट सहा. जिवंत मशीनची रेघ अशीच असते. सव्वाअकरानंतर ती पट्टीनं ओढल्यासारखी सरळ झाली होती. तात्यांनी दार उघडलं, ट्रॉल्या बाहेर आल्या, दार तासभर उघडं राहिलं, तरी सरळच. बाराच्या बारा मशीनच्या रेघा तशाच सरळ. दुपारी चारला पुन्हा थरथर सुरू. म्हणजे सव्वाअकरा ते चार माझं सॉफ्टवेअर कुठल्याच मशीनशी बोलत नव्हतं. जुनाच आकडा दाखवत बसलं होतं.

“कॉम्प्युटर आपल्या मनानं आकडा तयार करत नाही, तात्या,” मी म्हणाले.

हे वाक्य शब्दशः खरं होतं. म्हणूनच मी ते निवडलं.

संपतरावांनी कागदाची घडी केली. “उद्यापासून तुमी मागं ट्रे धुवायला जा. मशीनच्या खोलीत नको,” ते म्हणाले. तात्या निघून गेले. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, “डेटा मी एकदा नीट तपासते.” संपतराव म्हणाले, “तपासायचं काय त्यात?”

आता हे झालं कसं ते सांगते. त्यात फार डोकं लागत नाही.

हॅचरीत बारा मशीन आहेत. प्रत्येकावर तापमान सांभाळणारा कंट्रोलर आहे. बाराही कंट्रोलरमधून एक वायर फिरून एका छोट्या डबीत येते आणि ती डबी कॉम्प्युटरला जोडलेली. माझं सॉफ्टवेअर दर दहा सेकंदांनी एकेका मशीनला विचारायचं, तुझं तापमान किती. उत्तर आलं की स्क्रीनवरच्या त्याच्या चौकटीत आकडा. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर चौकट लाल आणि बझर. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग गेल्या वर्षी संपतरावांचा फोन आला. “मॅडम, हे मोबाईलवर दिसलं पाहिजे. छोटंसं काम आहे.”

छोटंसं काम आहे, असं ज्याला ते करायचं नसतं तोच म्हणतो. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं आणि ते हसले. माणूस चांगला आहे, हे इथंच सांगून ठेवते. पुढं तो वाईट वाटेल, पण तसा नाही.

मोबाईलवर दाखवायचे दोन रस्ते होते. एक, सगळे आकडे इंटरनेटवरून दूरच्या कुठल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवायचे आणि तिथून बघायचे. हॅचरीतलं इंटरनेट वारा सुटला तरी जायचं, त्यामुळं तो रस्ता बाद. दुसरा, माझ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर बसवायचा. वेब सर्व्हर म्हटलं की लोकांना थंड खोलीतली लुकलुकणारी कपाटं आठवतात. तसं काही नाही. वेब सर्व्हर म्हणजे खिडकीवरचा कारकून. तुमच्या फोनमधला ब्राउझर खिडकीशी येतो, म्हणतो, अमुक पान द्या. कारकून पान देतो. मोठ्या वेबसाइटला असे हजारो कारकून लागतात. आम्हाला एक पुरे होता, आणि त्याला वेगळं ऑफिस द्यायचीही गरज नव्हती. माझ्या सॉफ्टवेअरमध्येच एका कोपऱ्यात बसला असता. त्याचा तयार कोड फुकट मिळतो. हॅचरीच्या वायफायवर कुणीही फोन उघडून तापमान बघावं, आणि संपतरावांना बाहेरून बघायला पासवर्ड घालून एक वेगळी वाट.

अडचण एकच होती. त्या वायरवर एका वेळी एकालाच बोलता येतं. सॉफ्टवेअर मशीनला विचारतंय आणि कारकूनही आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मशीनला विचारायला लागला, तर गोंधळ. म्हणून मी काम वाटून दिलं. एक गडी फक्त मशीनना विचारत फिरणार आणि आकडे एका फळ्यावर लिहिणार. कॉम्प्युटरची स्क्रीन फळा बघणार. कारकूनही फळा बघून पान देणार. वायरला हात फक्त त्या एका गड्याचा. ही रचना अजूनही बरोबरच आहे. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता.

आठवड्यानं संपतराव म्हणाले, “मॅडम, पान उघडलं की चालू आहे का अडकलंय ते कळत नाही. काहीतरी हलतं दिसलं पाहिजे.”

मी पानाच्या वरच्या बाजूला घड्याळ टाकलं, सेकंदासकट. दहा मिनिटांचं काम. संपतराव खूश झाले. त्या घड्याळाचा तापमानाशी काडीचा संबंध नव्हता. कारकून स्वतःच्या मनगटावरची वेळ बघून पानावर लिहीत होता, एवढंच. पण वर वेळ पळतेय म्हटल्यावर खालचा आकडाही ताजाच असणार, असं कुणालाही वाटेल. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

हळूहळू कॉम्प्युटरकडं कुणी बघेना, सगळे मोबाईलवर बघू लागले. सात नंबरच्या दारावरचा आकडे दाखवणारा डिस्प्ले बंद पडला. तात्यांनी दोनदा सांगितलं. “मोबाईलवर दिसतंय की, घाई काय आहे,” असं म्हणून तो तसाच राहिला. म्हणजे सात नंबर बघायला माझं सॉफ्टवेअर सोडलं तर दुसरं काही उरलं नव्हतं, पापणी सोडून.

मंगळवारचं मी नंतर जुळवलं. सव्वाअकराला वीज गेली. अर्ध्या मिनिटात जनरेटर चालू झाला. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, त्याला पत्ताही लागला नाही. मधली डबी मात्र भिंतीतल्या साध्या पॉइंटवर होती. ती बंद होऊन चालू झाली आणि चालू होताना अडकली. माझा गडी त्या क्षणी विचारून उत्तराची वाट बघत उभा होता. किती वेळ वाट बघायची, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं, दोन सेकंद थांब, नाही आलं तर ओरड. काम वाटून देताना ती ओळ मागं राहून गेली. त्यामुळं गडी ओरडला नाही, पडलाही नाही, नुसता उभा राहिला. फळ्यावर सव्वाअकराचे आकडे तसेच. स्क्रीन तेच दाखवत होती. कारकून येईल त्याला तेच देत होता, वर ताजी वेळ घालून. बझर वाजायचं कारणच नव्हतं.

त्याच विजेच्या झटक्यात सात नंबरच्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह चिकटला. सतरा दिवसांच्या अंड्यात पिल्लू जवळजवळ तयार असतं आणि त्याच्या अंगाचीच ऊब असते. त्या वयात मशीनला तापवण्यापेक्षा थंड ठेवायचं काम जास्त. पाणी बंद झालं आणि हजारो अंडी एकमेकांना तापवू लागली.

साडेबाराला तात्या फेरीवर आले. सात नंबरचं दार किलकिलं करून त्यांनी अंडं काढलं, पापणीला लावलं. मग कॉम्प्युटरपाशी जाऊन बघितलं, नव्याण्णव पॉइंट सहा. परत आले, आणखी तीन ट्रेमधली लावली. संपतरावांना फोन केला. संपतरावांनी मोबाईल बघितला आणि म्हणाले, उघडू नका. तात्यांनी उघडलं. नंतर इलेक्ट्रिशियननं सात नंबर बंद करून चालू केलं, तेव्हा व्हॉल्व्ह आपोआप सुटला, पुरावा गेला. चारला पाळी बदलताना कॉम्प्युटर रिस्टार्ट करायची तिथली पद्धत आहे. डबीसकट सगळं नव्यानं चालू झालं आणि रेघा परत थरथरू लागल्या.

तात्यांनी दार उघडलं नसतं तर निम्मी पिल्लंही निघाली नसती. जी निघाली ती त्यांनी वाचवलेली होती.

त्या दिवशी बारामतीला परत येऊन मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर चालू केलं. डबी मध्येच बंद करून परत चालू केली. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी ती अडकली. मी मोबाईलवर पान उघडून समोर ठेवलं. घड्याळ पळत होतं आणि आकडा हलत नव्हता. अर्धा तास मी ते बघत बसले. मला स्वतःची इतकी शरम वाटली की उठून दार लावून घेतलं, ऑफिसात दुसरं कुणी नसताना.

मग दुरुस्ती केली. गड्याला दोन सेकंदांची मर्यादा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी घेतला ती वेळ. आकडा मिनिटापेक्षा शिळा झाला की त्यावर काट आणि बझर. चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी पाचच्या सुमारास रिमोटनं हॅचरीच्या कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि संपतरावांना मेसेज केला, “छोटा अपडेट टाकला आहे.” त्यांनी अंगठा पाठवला. डबीचा अ‍ॅडॅप्टर यूपीएसला लावायलाही मी कळवलं, तेही लगेच झालं. सगळं ठीकठाक झालं. तात्यांचं तेवढं राहिलं.

मी सांगितलं का नाही, याची कारणं माझ्याकडं रोज नवी असायची. पहिल्या दिवशी, आधी पूर्ण खात्री करू. दुसऱ्या दिवशी, असलं फोनवर बोलायचं नसतं, समक्ष जाऊ. मग संपतराव नात्यातल्या लग्नाला गेले होते. मग मला दुसरीकडचं काम होतं. खरं कारण भीती. हा पट्टा लहान आहे. एकाच्या हॅचरीत माझ्या सॉफ्टवेअरनं घोटाळा केला हे कळायला दोन चहा पुरतात, आणि माझं सगळं काम तोंडी ओळखीवर चालतं. बाई असून मशीनच्या कामात आहे म्हटल्यावर लोक टपलेलेच असतात, असंही मी स्वतःला सांगायचे. ते खोटं नाही. पण त्याची किंमत दुसऱ्यानं मोजावी असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुसऱ्याच कशासाठी तरी संपतरावांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, “तात्या अजून अडून बसलेत. चूक मान्यच करत नाहीत. लिहून द्या म्हटलं तर देत नाहीत.”

“बरं,” मी म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं. समोरून विषय निघाला होता. मी मूग गिळून बसले.

नवव्या दिवशी मी पणदऱ्याला गेले होते. तिथल्या एका पोल्ट्रीवाल्याला खाद्याच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर हवं होतं. चहा आला. त्यांनी सहज विषय काढला, हॅचरीतून या वेळी पिल्लं कमी आली.

“एक म्हातारा हाय तितं,” ते म्हणाले. “अंडं डोळ्याला लावून ताप बघतोय म्हणं! चालू मशीनचं दार उघडलं आन् आमची बॅच घालवली. आता काय, उद्या कानाला लावून बोलाय लागंल अंड्यासंगं.”

तिथं बसलेले दोघं-तिघं हसले. त्यांनी माझ्याकडंही हसण्याच्या अपेक्षेनं पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला, उद्या येते म्हणाले आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लावली. तोपर्यंत मला वाटत होतं की एका माणसाची खोली बदलली आहे. तिकडं गावोगाव त्याचा विनोद झाला होता.

संपतराव ऑफिसात होते. मी बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं.

“संपतराव, मंगळवारचा ग्राफ खोटा होता.”

“म्हणजे?”

मी पूर्ण दिवसाचा ग्राफ त्यांच्यासमोर ठेवला. “त्या दिवशी तुम्ही साडेबारापर्यंतचाच मागितला होता. हा पुढचा बघा. इथं तात्यांनी दार उघडलं. ट्रॉल्या बाहेर, दार तासभर उघडं. रेघ बघा.”

त्यांनी कागद हातात घेतला. हॅचरीत वाढलेला माणूस, पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. दार उघडल्यावर तापमान उतरत नाही असं मशीन जगात नसतं. मी डबीचं, गड्याचं, घड्याळाचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“तुमाला कधी कळलं हे?” चिडले की त्यांच्या बोलण्यात गाव येतो.

“त्याच दिवशी. तुमच्यासमोर प्रिंट काढताना.”

“आन् तुमी गप बसला.”

“हो.”

ते उठून खिडकीशी गेले. “मॅडम, मी सगळ्या पार्ट्यांना सांगून बसलोय की माणसाची चूक झाली, माणूस बाजूला केला, आता काळजी करू नका. आता काय सांगू? मशीनवरचा आकडाच खोटा होता म्हणू? मग पुढच्या बॅचला कोण भरोसा ठेवंल?”

“माझं नाव सांगा. चूक माझी आहे.”

“तुमचं नाव कुणाला पायजे? पिल्लं माझ्या नावानं जात्यात.” मग हळू आवाजात म्हणाले, “तात्यांना परत मशीनवर घेतो. आजच्या आज. पण गाजावाजा नको. आणि तो कागद राहू दे.”

“कुठला कागद?”

“त्यांनी दिलंय लिहून. माझ्या चुकीमुळं झालं म्हणून. फाईलला लावलाय.”

मी म्हणाले, मीही लिहून देते, तोही लावा. तिथंच बसून लिहिलं, सही केली. त्यांनी कागद घेतला. फाईलला लावला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही पुढं कधी.

ट्रे धुवायची जागा हॅचरीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. फुटक्या टरफलांचा आणि फिनेलचा वास. तात्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पाइपनं ट्रेवर पाणी मारत होते. मला बघून त्यांनी पाणी बंद केलं.

“ताई, हिकडं कुठं? बूट भिजत्याल.”

मी सांगितलं. जे संपतरावांना सांगितलं तेच, जरा सोपं करून. विचारणारा गडी कसा थांबला, फळ्यावर शिळा आकडा कसा राहिला, घड्याळ मात्र कसं पळत होतं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं.

“म्हंजे गरम हुतं.”

“हो तात्या. गरम होतं. तुमचं बरोबर होतं.”

ते पालथ्या क्रेटवर बसले. मला वाटलं आता रागावतील. मला ते हवंच होतं, खरं तर. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“इंदापूरला डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन आलो, ताई,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणला, डोळं चांगलं हायती. मी म्हणलं, डोळं न्हाय, पापणी बघा. तिला कळंना झालंय. त्यो हसला.”

मी विचारलं, “तात्या, तुम्ही सही का केलीत?”

“करत नव्हतोच की. संपतराव रोज म्हणायचं, लिवून द्या, न्हायतर घरी बसा. मी न्हायच म्हणत हुतो. घरी बसायची तयारी केलीती. मग म्हणलं, ताई शिकलेल्या हायती. त्यांनी सोता मशीन केलंय. त्या म्हणल्या की कॉम्प्युटर मनानं आकडा करत न्हाय. त्या कशाला खोटं बोलत्याल? मग माझंच चुकलं आसंल. वय झालंय. दिली सही.”

“कधी दिली?”

“कालच की. दुपारी.”

शेडच्या कडेला पाणी वाहत होतं. मी म्हणाले, संपतराव तुम्हाला आजपासून परत मशीनवर घेतायत. त्यांनी मान हलवली.

“नगं, ताई. आता मी अंडं डोळ्याला लावलं तरी मला खरं वाटायचं न्हाय. परत परत कॉम्प्युटर बघाय जाईन. आसला माणूस तितं काय कामाचा?” ते उठले. “इथं बरं हाय. ट्रे धुतला का न्हाय ते दिसतं.”

मी माफी मागितली. “आसू द्या,” असं म्हणून त्यांनी पाणी चालू केलं. पाण्याच्या आवाजात पुढचं बोलता येत नव्हतं.

दिवाळीपर्यंत तात्या ट्रे धूत होते. मग त्यांनी काम सोडलं. सात नंबरच्या दाराला नवा डिस्प्ले आला. आता मशीनच्या खोलीत पापणीला अंडं लावणारं कुणी नाही, कुणी लावलं तर हसतात. संपतरावांनी माझं सॉफ्टवेअर बदललं नाही, अजून तेच चालू आहे, आणि त्यात पुन्हा चूक निघालेली नाही. पणदऱ्याच्या त्या पोल्ट्रीवाल्यांना मी जाऊन खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चार जणांत जे बोललं गेलं होतं ते त्यामुळं परत आलं नाही.

असं काही लिहिलं की शेवटी यातून काय शिकलात, असं विचारतात. तांत्रिक भाग कुठल्याही पुस्तकात मिळेल. आकडा दाखवाल तिथं तो कधी घेतला तेही दाखवा, आणि वाट बघणाऱ्याला किती वेळ बघायची ते सांगून ठेवा. बाकीचं माझ्यापुरतं आहे. चूक सापडायला मला एक नजर पुरली. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. सांगायला नऊ दिवस लागले. आठव्या दिवशी सकाळी, सहीच्या आधी, सांगितलं असतं, तरी चाललं असतं.